दार आतून बडवणारा

वैमानिक व्हायला इंद्रलाल रॉयनं मोटरसायकल विकली, हे मला अजून पचत नाही. बाप कोलकात्याचा बॅरिस्टर, शाळा लंडनची सेंट पॉल्स. शाळा संपली आणि पहिलं महायुद्ध चालूच होतं. पण नजर अधू म्हणून रॉयल फ्लाइंग कोअरनं त्याला नाकारलं. पठ्ठ्यानं गाडी विकली, नामांकित नेत्रतज्ज्ञाची फी भरली, निकाल फिरवून आणला आणि जुलै 1917मध्ये भरती झाला.

माझा मुलगा हवाई दलाच्या मेडिकलला डोळ्यांमुळेच बाहेर पडला, तेव्हा मी त्याला ही गोष्ट रंगवून सांगितली. पुढचं त्यानं स्वतःच वाचून काढलं.

1917 संपता संपता इंद्रलालचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला प्रेतांच्या खोलीत ठेवलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं आतून दार बडवलं, असं सांगतात. माझं मन तिथंच अडतं. डॉक्टरांनी उड्डाणाला अपात्र ठरवलं होतं. घरी गेला असता तर कुणी ब्र काढला नसता. हा अंथरुणात विमानांची चित्रं काढत राहिला आणि मागं लागून लागून पुन्हा पात्र ठरला. त्या कागदावर सही करणाऱ्यांना पोटची पोरं नव्हती का? राज्य इंग्रजांचं, लढाई त्यांची!

9 ते 19 जुलै 1918, एवढ्यात त्याच्या नावावर दहा हवाई विजय लागले. 22 जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हाँवर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना तो पडला. वय 19. मरणोत्तर डीएफसी हे शौर्यपदक मिळालं.

कामानिमित्त लीलला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून एस्तवेल गावच्या दफनभूमीत त्याच्या कबरीपाशी गेलो. फ्रेंच शेतकऱ्यांच्या मुलखात दगडावर बंगाली अक्षरं! छाती भरून आली. आणि लगेच वाटलं, बरं झालं आपला मुलगा बाहेर पडला. या विचाराची मला चीड आली, पण तो गेला नाही.

आपण अशा मुलांची टपाल तिकिटं काढतो. इंद्रलालचंही 1998मध्ये निघालं. त्याला कुणी अडवायला हवं होतं का, हे मात्र विचारत नाही. आणि अडवला असता, तर तो थांबला असता?

मुलगा पुन्हा फॉर्म भरतोय. फोटो, सही मीच अपलोड करून दिली. ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी लेखी परीक्षेच्या आधीच डोळे तपासून घ्यावेत, लेसर ऑपरेशनचे नियम नीट वाचावेत. नंतर धावपळ करून पोरांची वर्षं फुकट जातात.