भिंतीवरची पेन्सिलरेघ

आमच्या वसतिगृहाच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरपा तडा गेला होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गृहपाल सर त्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढीत आणि शेजारी दिनांक लिहीत. पायाखालची काळी माती पावसात फुगे, उन्हाळ्यात आकसे. तडा वाढे तो त्यामुळेच. सर म्हणत, "लिंपायची घाई नको. तो कोठे निघाला आहे, ते आधी समजून घ्या."

पुढे अभियांत्रिकी शिकताना तेच माझ्या अभ्यासाचे सूत्र झाले. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'शेनेक्टडी' हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभ्याउभ्या दुभंगले. पदार्थाची ताकद त्यातील बारीक भेगा ठरवतात, हे ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांतून १९२१ मध्येच मांडले होते. तरीही भेग कोणत्या वाटेने जाईल, हे गणिताने सांगणे अवघडच राहिले. जुनी समीकरणे पदार्थ अखंड आहे असे गृहीत धरतात. एका बिंदूपासून लगतच्या बिंदूपर्यंत सरकण्यात किती फरक पडतो, याचा दर त्यांना लागतो. भेगेपाशी सलगताच तुटते आणि तो दर काढताच येत नाही.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील स्टुअर्ट सिलिंग यांनी २००० साली निराळी मांडणी केली. तिचे नाव पेरिडायनॅमिक्स. येथे प्रत्येक कण ठरावीक अंतरातील सर्व शेजाऱ्यांशी बंधांनी जोडलेला असतो. त्या अंतराला क्षितिज म्हणतात. दराऐवजी या सर्व बंधांच्या बलांची बेरीज करायची. एखादा बंध मर्यादेपलीकडे ताणला की तुटतो, आणि त्याचा भार उरलेल्यांवर येतो. भेगेची वाट आधी आखावी लागत नाही. ती आपोआप उमटते. एका कणाचे किती बंध तुटले, त्या प्रमाणाला त्या ठिकाणची हानी म्हणतात.

ही व्याख्या प्रथम वाचली तेव्हा मला आठवीतली एक खाट आठवली. माझ्या शेजारचा मित्र ऊसतोडीला आईवडिलांबरोबर निघाला होता. आदल्या रात्री त्याने मला सांगितले आणि सरांना सांगू नकोस, असेही म्हणाला. मी गप्प राहिलो. तो परतला नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याच्याच गावची आणखी दोन मुले गेली. तड्याची नोंद ठेवणाऱ्या त्या खोलीत या तुटण्याची नोंद करणे माझ्या हाती होते. मी ती केली नाही.

संगणकातील माझ्या प्रतिमानात एकदा तुटलेला बंध पुन्हा जुळत नाही. माणसांचे तसे नसावे, या आशेने गेल्या वर्षी मी त्याला शोधून भेटलो. बोलणे थोडेच झाले. निघताना त्याने विचारले, "हंगामात पोरीला कुठं ठेवू?" मी आपल्या शाळेचे नाव सांगितले.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, दिवाळीच्या सुमारास टोळ्या गावाबाहेर पडतात. त्या दिवसांत कोणाची खाट रिकामी झाली, हे शाळेला वेळेवर कळावे, यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावापुरते लक्ष ठेवावे. सरांच्या रेघेचे ऋण मला तरी दुसऱ्या रीतीने फेडता येणार नाही.