तांबडा डाग

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फळ्यावर एके सकाळी सूचना लागली : 'पार्किंगमध्ये पान खाऊन थुंकणाऱ्यांस समज देण्यात येत आहे. यापुढे नावानिशी सूचना लावली जाईल.' पुण्यात फळ्यावर नावानिशी लागणं ही तडीपारीच्या खालोखालची शिक्षा. मी सूचना वाचली, 'अगदी बरोबर! लोकांना शिस्तच नाही,' असं सेक्रेटरींना सांगितलं आणि वर आलो. थुंकणारी माझीच गाडी आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

गाडी 2002 सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. उतारवयात कुणाची अशी बदनामी करू नये. 2017 साली तिला 15 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा आर.टी.ओ.नं तपासून 5 वर्षं वाढवून दिली. 2022 साली आणखी 5. राज्य सरकार माणसाला 58 व्या वर्षी नारळ देतं, गाडीवर मात्र त्याचा जीव.

तिनं तक्रार केली नव्हती असं नाही. वळताना ती 'ऊंऽऽ' करायची.

"अहो, गाडी कण्हतेय," सौ. म्हणाली.

"थंडीनं होतं तसं," मी म्हणालो. महिना एप्रिलचा होता.

मग स्टिअरिंग जड होऊ लागलं. जात्यावर पायली दळावी तसा मी दोन्ही हातांनी ते ओढायचो. आमचे वॉचमन मामा रोज 'येऊ द्या, येऊ द्या... बास!' म्हणत गाडी लावून द्यायचे. आता खिडकीतून हात घालून तेही दळायला बसले.

मामांची खुर्ची माझ्या जागेला लागूनच. सकाळी मी गाडी घेऊन गेलो, की मोकळ्या फरशीवर तांबडे डाग दिसायचे आणि शेजारी तंबाखू मळणारे मामा. कमिटीला आणखी काय पुरावा हवा? मामांना बोलावणं गेलं.

"खातो साहेब, खोटं कशाला सांगू? पण थुंकतो बाहेर गटारात. आणि तंबाखू तांबडी होत नाही, त्याला पानात कात लागतो."

हा बिनतोड युक्तिवाद कमिटीनं शांतपणे ऐकून घेतला आणि पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघायचं ठरवलं. मीही कमिटीत आहे. मी मान हलवली. आडवी की उभी, ते आठवत नाही.

त्या रविवारी माझी किल्ली गाडीखाली गेली. वाकलो, तर इंजिनाखालून एक थेंब पडला. तांबडा. मी पाहत असतानाच दुसरा पडला. बोट लावलं, तेलकट! मी इकडेतिकडे पाहिलं आणि घरातून टी.व्ही.च्या खोक्याचा पुठ्ठा आणून खाली सरकवला. मध्यमवर्गीय माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आकार साधारण तेवढाच असतो.

सर्व्हिस सेंटरनं निदान केलं : पंपच बदलावा लागेल, आणि हा पंप आता येत नाही. म्हणजे बदलायचं ते मिळत नाही आणि आहे ते ठेवायचं नाही. अखेर शरण गेलो आमच्या जुन्या मिस्त्रींना. त्यांनी आधी पंप पुसून स्वच्छ केला, गाडी चालू करून मला स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि बॅटरी घेऊन आत डोकावले.

"पाइप कोरडा आहे. पुलीमागून येतंय. शाफ्टचं सील गेलं."

मग त्यांनी मला शिकवलं. इंजिनचा बेल्ट पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं. टायरमध्ये आपण हवा भरतो तिशीच्या आसपास. त्याच मापानं या पंपातला दाब हजारापर्यंत जाऊ शकतो. एवढा जोर अडवणाऱ्या रबरी कड्या वयानं कडक होतात. तेल मुद्दाम तांबडं रंगवलेलं असतं. गळलं तर इंजिन ऑइलहून वेगळं ओळखू यावं म्हणून. रंगवणाऱ्यानं आमची कमिटी पाहिलेली नसावी.

ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरची. अवजड ट्रक वळवणाऱ्यांचे हाल पाहून त्यानं ती काढली आणि 1926 साली आपल्या गाडीत बसवून दाखवली. लोकांच्या गाडीत ती आली 1951 साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. दुसऱ्याच्या खांद्याचं दुखणं मोटार कंपन्यांना कळायला 25 वर्षं लागली. आमच्या कमिटीला महिन्याभरात कळेल, अशी अपेक्षा कशाला करा?

जुनं सील खिशात घालून नाना पेठेत गेलो. सीलची पत्रिका तीन आकड्यांची : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. इथं 36 पैकी 18 गुणांवर भागत नाही. चौथ्या दुकानात तिन्ही आकडे जुळले. किंमत, दोन माणसांच्या मिसळीपेक्षा कमी. मिस्त्रींनी पुलरनं पुली काढली, सील बसवलं, तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिले, तेलातले बुडबुडे संपेपर्यंत. "हवा राहिली तर परत कण्हेल," म्हणाले.

संध्याकाळी एका बोटानं गाडी वळवत आत आलो. मामा खिडकीकडे धावले. त्यांना ओढायला काहीच उरलं नव्हतं.

"झालं का काम? बरं झालं. तेल लई गळत होतं."

मी गारच पडलो. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज भुसा टाकून पुसतोय ना साहेब. तेल न् थुंकी कळत नाही व्हय?"

"मग कमिटीपुढे का नाही बोललात?"

"तुम्ही समोरच बसला होता की. म्हटलं, तुम्हीच सांगाल."

पंपातली हवा निघाली होती. माझी तिथं निघाली. पुठ्ठा काखेत मारून तसाच सेक्रेटरींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मामांची नोकरी राहिली. मी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं, की पार्किंगमधले डाग माझ्या गाडीचे होते, आणि खाली सही केली. दोन दिवस सोसायटीतली पोरंसुद्धा थांबून वाचत होती.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी ते पुसून खाली कायमची सूचना लिहिली : 'वाहने व कमिटी सभासद यांनी पार्किंगमध्ये गळू नये.'