ढिलं दावं

आई गेल्यावर दादांना पाटोदा तालुक्यातल्या गावाहून बीडला आणायचं ठरलं. त्यांची अट एकच होती, खंड्या संगं येणार. चार वर्षांचा गावठी कुत्रा, बालाघाटाच्या माळावर रात्री लांडग्याच्या अंगावर धावून जाणारा. आमच्या भाड्याच्या घरी आला आणि जिन्याखाली शिरला तो तीन दिवस बाहेर निघाला नाही. रिक्षा सुरू झाली तरी थरथरायचा. भाकरीला तोंड लावीना. दादाही ताट अर्धंच सारायचे. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"हे हितं मरंल. आम्ही दोघं जातो गावाकडं."

गावाकडं घराला कुलूप, शेत वाट्यानं दिलेलं आणि दादांना रोज इन्सुलिन टोचायचं.

शेजारचा पोरगा म्हणाला, "दोरी बांधून एकदा सुभाष रोडवर ओढत न्या. आपोआप भीती मोडती." दादा भडकले, "गोऱ्हा असा धरत्यात व्हय औताला?"

गोऱ्हे धरावेत ते दादांनीच. नव्या गोऱ्ह्याला कुणी थेट पेरणीला जुंपत नाही. आधी मोकळ्या रानात, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला, ओझं न देता फिरवायचं. ट्रॅक्टरला बुजणाऱ्याला ट्रॅक्टर लांबूनच दाखवायचा. कान टवकारले की थांबायचं, चरायला लागला की दोन पावलं पुढं. पिशवी खुंटीला परत गेली आणि हीच रीत खंड्याला लागू झाली.

पहाटे पाचला दोघं निघायचे, बिंदुसरेच्या काठाकाठानं कंकालेश्वराच्या अंगाला. दोरी हातभर ढिली, खिशात भाकरीचे तुकडे. शेपूट पोटाखाली गेली, उगाच ओठ चाटायला लागला की दादा उभे राहायचे आणि तुकडा पुढं करायचे. नाही घेतला तर न रागावता मागं फिरायचे. नाही घेतला म्हणजे आपण फार जवळ आलो, एवढंच त्यांचं माप. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि कुत्र्याला ४५ हजारांपर्यंतचा, हे मी नंतर वाचलं. दादा त्याचे कान बघूनच चालत होते.

म्हाताऱ्या बैलाच्या जागी गल्लीतली एक लंगडी कुत्री मिळाली. ट्रक हॉर्न देत गेला तरी ती कानसुद्धा हलवायची नाही. खंड्या आधी तिच्याकडं बघायचा, मग ट्रकाकडं.

पुढं रस्त्याला लागल्यावर दादा विजेचे खांब मोजायचे. आज तीन, उद्या चार, एखाद्या दिवशी परत दोन. बसस्टँडपर्यंत अकरा होते. नवव्याला पोहोचलो तोवर दिवाळी आली आणि फटाक्यांनी खंड्या पुन्हा जिन्याखाली गेला. मी वैतागलो. दादा म्हणाले, "पावसानं दडी मारल्यावर दुबार पेरतोच की." सणाचे चार दिवस त्यांनी त्याला बाहेर काढलंच नाही. पाचव्या दिवशी पुन्हा पहिला खांब.

डॉक्टर दोन वर्षं चालायला सांगत होते, तेव्हा मात्र दादांचे गुडघे दुखायचे.

आता सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात दादा बाकड्यावर आणि खंड्या बाकड्याखाली असतो. पाटोद्याची गाडी लागली की दादा उतरणाऱ्याला पावसाचं विचारतात. खंड्या उतरणाऱ्यांच्या धोतरांचा वास घेतो. गाडी सुटते. दादा आणखी एक चहा सांगतात, बिनसाखरेचा.