दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठं भरते?

भातं पोटरीत आलीत, करप्याचं मागच्या नोंदीत लिहिलंच आहे. आज बांधाबाहेरचं लिहितो, पण विषय शेतीचाच. आपल्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात दारूपायी सातबाऱ्यावरचं नाव गेलेली माणसं तुम्हालाही माहीत असतील.

माझा धाकटा भाऊ त्याच वाटेवर होता. त्याला विचारूनच लिहितोय, नाव तेवढं लिहीत नाही. एक दलाल त्याला संध्याकाळी बसवायचा आणि सकाळी प्लॉटिंगचे कागद पुढं करायचा. शेवटी भावजय म्हणाली, "दादा, काहीतरी करा, पोरांना शेत राहणार नाही." तिथनं शोधाशोध सुरू झाली.

आधी एक महत्त्वाचं. जो सकाळी उठल्यापासून पितो, त्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भास होतात, फिटसुद्धा येते. जिवावर बेतू शकतं. भावाला आम्ही आधी डॉक्टरकडं नेलं, गोळ्या-इंजेक्शनं झाली, मग मीटिंग. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग कुठं आहे ते विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, १४४१६ हा टेलिमानसचा. दोन्ही फुकट.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे एए म्हणतात. बाहेर मोठा बोर्ड नसतो, म्हणून सापडत नाही. एखाद्या शाळेचा वर्ग नाहीतर हॉल घेतात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. एएच्या हेल्पलाइनवर फोन केला की जवळची जागा आणि वेळ सांगतात, आणि नवीन माणसाला घ्यायला बऱ्याचदा कुणीतरी स्टेशनवर येतं.

भाऊ म्हणाला, "बदलापुरात नको दादा, सगळे ओळखतात." म्हणून लोकलनं एक स्टेशन मागं, अंबरनाथला गेलो. तिथं पहिलाच भेटला तो आमच्या शेजारच्या गावचा! तोही ओळख नको म्हणून तिकडं येत होता. दोघं हसले, आणि भावाची अर्धी भीती तिथंच गेली.

आत काय चालतं? फी नाही, फॉर्म नाही. जात, जमीन, पगार कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकेक जण नाव सांगतो, आपलं काय झालं ते बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. चहा-भाड्याच्या खर्चाला पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. ओपन मीटिंगला घरच्यांना बसता येतं. क्लोज्ड असली की मी प्लॅटफॉर्मवर चहा पीत थांबायचो.

हे सुरू झालं १९३५ साली अमेरिकेत. बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा डॉक्टर, दोघंही अट्टल पिणारे. एकमेकांशी बोलत राहिलं की प्यायचं टळतं, हे त्यांना कळलं. आपल्याकडं पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्याला पु. ल. देशपांड्यांनी देणगी दिली. ज्याला राहून उपचार हवेत त्यानं तिथं चौकशी करावी. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळा गट असतो. आमची भावजय तिथं जाते. ती म्हणते, पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं, तू कशी आहेस?

लव्हाळा एकदा खुरपून जात नाही हे आपल्याला माहीत आहे, गाठी खाली राहतात. दारूचंही तसंच. पाचव्या महिन्यात एका हळदीच्या रात्री भाऊ परत प्यायला. घरात रडारड झाली. पुढच्या मीटिंगला तो मान खाली घालून गेला, कुणी रागावलं नाही. म्हणाले, आजचा दिवस धर, उद्याचं उद्या. परत एकपासून मोजायला लागला. आता चौदा महिने झाले. जमीन जागेवर आहे, यंदा त्यानं स्वतः चिखलणी केली. पुढं काय होईल ते सांगता येत नाही. म्हणूनच तो दर आठवड्याला जातो.

शेतकरी मित्रांनो, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. कापणीच्या मजुराला संध्याकाळी क्वार्टर देण्याची रीत मोडा, रोख मजुरी आणि पोटभर जेवण द्या. आणि ज्या घरात पिणारा आहे, त्या घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा, फवारणीला त्याला पाठवू नका. कृषी खात्याची माणसं ही पोस्ट वाचत असतील तर शेतावर गेल्यावर वरचे नंबर देत चला. माती परीक्षणाएवढंच ते कामाचं आहे.

कुणाला अंबरनाथ-उल्हासनगरकडची वेळ-जागा हवी असेल तर इनबॉक्सला लिहा. खाली कमेंटमध्ये कुणाचं नाव घेऊ नका. पहिल्या वेळी एकट्यानं जायला जड जात असेल तर भाऊ सोबत यायला तयार आहे.