मोरीतले ठिबक

तीस वर्षे गावोगाव फिरून मी ठिबक सिंचनाच्या सभा घेतल्या. थेंबाथेंबाचा हिशेब शेतकरी बांधवांना सांगितला. आणि माझ्याच घरी मोरीतला नळ दोन महिने गळत होता!

गळती वाढली की मी तोटी आणखी जोराने आवळायचो. एके दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमचं ठिबक इथंही चालू आहे. बादली लावून बघा."

रात्री १० वाजता लावलेली १५ लिटरची बादली सकाळी ६ वाजता काठोकाठ भरली होती. म्हणजे दिवसाला ४५ लिटर! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. जवळजवळ एका माणसाच्या वाट्याचे पाणी आमच्या मोरीतून वाहत होते. मी खजील झालो.

टाकीची चावी बंद केली, नळ सोडून उरलेले पाणी काढले. फडके गुंडाळून पान्ह्याने वरचा नट सोडला, दांडा बाहेर काढला. खालचा रबरी वायसर पार चिरला होता. माझ्याच आवळण्याचा हा प्रताप! त्याच मापाचा नवा बसवला आणि थेंब थांबला.

आतली बैठक झिजली असेल तर मात्र वायसरने भागत नाही, तोटीच बदलावी. नव्या तोटीच्या आट्यांवर टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटते.

आता सभेत मी आधी विचारतो, "मंडळी, घरचा नळ गळत नाही ना?" मगच शेताकडे वळतो.