वऱ्हाडची यात्रा : कोणत्या ऋतूत?

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख नगरे. दोन्ही कापसावर वाढली आणि आजही बाजाराच्या तालावरच चालतात. मुंबई-हावडा लोहमार्गावर अकोला थेट लागते. अमरावतीसाठी बहुतेकांना बडनेऱ्यास उतरावे लागते. या दोन नगरांच्या परिसरात जैन समाजाची श्रद्धास्थाने विखुरलेली आहेत. अमरावतीजवळ भातकुली, परतवाड्यापलीकडे मुक्तागिरी, वाशिम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि भट्टारक पीठांच्या परंपरेसाठी प्रसिद्ध असलेले कारंजा लाड. त्यामुळे पुण्या-मुंबईची, सोलापूर-सांगलीची अनेक कुटुंबे आयुष्यात एकदा तरी या प्रदेशी येतात. येतात ते मात्र बहुधा चुकीच्या ऋतूत.

याचे कारण समजण्यासारखे आहे. व्यापारी घराचे वर्ष हवामानाप्रमाणे चालत नाही. ते हंगाम, वसुली आणि मुलांच्या परीक्षा यांवर चालते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पेढी सोडता येत नाही. मार्चअखेर हिशेब पूर्ण करायचे असतात. उरतात एप्रिल आणि मे. मुलांना सुट्टी असते, लग्नसराई असते, आणि त्याच प्रवासात वृद्ध आई-वडिलांची राहिलेली यात्राही उरकून घ्यावी, असा विचार होतो.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही नित्याची बाब आहे; तो ४५ अंशांपलीकडे जाणेही नवलाचे नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन भेगाळलेली असते आणि दुपारी रस्ते ओस पडतात. स्थानिक दुकानदारही त्या वेळी अर्धे शटर ओढून घेतात. या उन्हात चौविहार पाळणाऱ्या सत्तरीच्या यात्रेकरूचा विचार करावा. सूर्यास्तानंतर पाणी नाही, सकाळी नवकारशीपर्यंत पाणी नाही आणि दिवसभर प्रवास. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला येते, म्हणजे नेमके याच दाहात. तपस्व्याला पारणे होताच दुसऱ्या दिवशी लांबच्या मोटारप्रवासास नेणे ही भक्ती खरी, पण तिच्यात विवेक कमी पडतो. शिवाय अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या पूर्णाकाठच्या भागात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट असते; केवळ उकळल्याने ते गोड होत नाही. उन्हाळ्यात जावेच लागले, तर पाणी बरोबर घ्यावे, दर्शन सकाळी नऊपूर्वी आटोपावे आणि दुपारी धर्मशाळेतच थांबावे.

पावसाळ्याचे रूप निराळे. चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील थंड हवेचे ठिकाण, उंची सुमारे १,१०० मीटर. श्रावणात ते धुक्यात बुडालेले असते. मुक्तागिरीचा धबधबा याच दिवसांत भरून कोसळतो. हे क्षेत्र आज मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात असले, तरी त्याचा व्यवहार अचलपूर-परतवाड्याशी जुळलेला आहे. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी परंपरा. डोंगरावरील ५२ मंदिरे पायऱ्यांनी जोडलेली आहेत. पावसात त्या निसरड्या होतात. तरुणांना त्याचे काही वाटत नाही, गुडघेदुखीच्या माणसाला वाटते. शिवाय हा चातुर्मासाचा काळ. साधू-साध्वी एका जागी स्थिर असतात आणि श्रावकानेही अनावश्यक प्रवास टाळावा, हीच शिकवण आहे. वाटेवरचे हिरवे गवत आणि त्यातील असंख्य जीव यांचा विचार त्यामागे आहे.

आश्विनात पाऊस ओसरतो, पण उकाडा परततो. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीच्या परिसरात मोठी गर्दी असते. निवासाची सोय आधी केलेली बरी.

खरा ऋतू त्यानंतर सुरू होतो. दिगंबर परंपरेत दीपावलीच्या सुमारास आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक पौर्णिमेला चातुर्मासाची समाप्ती होते, विहार सुरू होतात. तेव्हापासून माघापर्यंत वऱ्हाडची हवा कोरडी व प्रसन्न असते. सकाळी गारठा, दुपारी सोसवेल असे ऊन. शेते कापसाने पांढरी झालेली, बाजार समित्यांपुढे गाड्यांच्या रांगा, जिनिंगमध्ये सरकी-रुईची लगबग. मुलांनी पुस्तकात वाचलेला कापूस पाहावा तो याच दिवसांत. वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री उतरत असतात. पौषात शेतावर ज्वारीचा हुरडा भाजला जातो. लसणाची चटणी वगळून तीळ आणि गूळ मागितला, तर यजमान आनंदाने देतो.

एक पथ्य मात्र पाळावे. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आगेमागे मावळतो, म्हणून भोजन साडेचारपासूनच ठरवावे. अमरावतीहून मुक्तागिरीला पहाटे निघून उन्हे तापण्यापूर्वी डोंगर चढावा. शिरपूर आणि कारंजा यांसाठी स्वतंत्र दिवस राखावा. वृद्धांसाठी चिखलदऱ्याचा मुक्काम थंडीत टाळून दुपारी फेरी मारून परतावे.

आणि पेढीचे काय? हंगामात चार दिवस दुकान कोणाच्या तरी हाती सोपवावे लागेल, थोडा व्यवहार हातचा जाईल. तो तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. आई-वडिलांच्या पायांतील चढण्याचे बळ दरवर्षी घटत जाते, आणि त्याची भरपाई कोणत्याही हंगामात होत नाही. भाऊ-भाऊ एकत्र असलेल्या घरात ही पाळी वाटून घेता येते. एकाने गादी सांभाळावी, दुसऱ्याने यात्रा घडवावी. पुढल्या वर्षी उलट. वऱ्हाडला केव्हा जावे, याचे उत्तर कार्तिकी ते माघ असे आहे. ते अमलात आणण्यासाठी दुकानाच्या रोजमेळात चार दिवस आताच राखून ठेवावेत.