हत्तीचा पाऊस आणि 'गुलाब'चा पाऊस

मृग निघायच्या आधी आमच्या केदारखेड्यात एकच चौकशी असायची, "औंदा वाहन काय हाये?" पंचांगवाल्याने नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस सांगितलं की पारावरची मंडळी खुलायची. कोल्हा निघाला तर बियाणं जरा हात राखूनच घ्यायचं ठरायचं. संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर प्रादेशिक बातम्यांच्या शेवटी हवामान यायचं. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' या एका वाक्यात अख्खा मराठवाडा उरकायचा. ते तुरळक ठिकाण भोकरदन की बीड, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

पाऊस किती झाला, याचं उत्तरही तेव्हा वेगळं असे. कुणी म्हणे वीतभर ओल गेली, कुणी म्हणे तिफण चालण्याजोगा झाला. आता पोरं मोबाइल बघून मिलिमीटर सांगतात. महसूल मंडळातल्या यंत्रावर चोवीस तासांत 65 मिलिमीटर नोंदले गेले तर अतिवृष्टी, मग पंचनामा. म्हणून "बासष्टच पडला, तीन कमी पडले" अशी हळहळ हल्ली ऐकू येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देतं आणि यलो, ऑरेंज अलर्ट हे शब्द बांधावर सर्रास बोलले जातात.

चक्रीवादळ मात्र तेव्हा फक्त रेडिओतलं. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली, तेव्हा आम्ही चुकचुकलो आणि कापूस वेचायला गेलो. 2021 मध्ये ते अंतर मिटलं. 26 सप्टेंबरला 'गुलाब' वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. जमिनीवर त्याचा जोर ओसरला, पण पाणी पोटात घेऊन ते पश्चिमेकडे सरकत राहिलं आणि पुढचे दोन दिवस मराठवाड्याला झोडपून गेलं. सोयाबीन नेमकं काढणीला आलेलं. तेच ढग पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले आणि 'शाहीन' नावाने ओमानवर आदळले.

सूर्य त्याच सुमारास हस्त नक्षत्रात जातो. आमच्या आजोबांनी याला हत्तीचा पाऊस म्हटलं असतं आणि विषय तिथंच संपवला असता. आज विषय तिथून सुरू होतो: हा नेहमीचा हस्त, की तापत्या जगाचा पाऊस?

या दुसऱ्या उत्तरावर शंका घेणारा एक शास्त्रज्ञ आपल्यातलाच आहे. माधव खांडेकर यांनी अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातून हवामानशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि कॅनडाच्या पर्यावरण विभागात दीर्घकाळ संशोधन केलं. समुद्राच्या लाटांच्या अंदाजावर त्यांचं पुस्तक 1989 साली आलं. टोकाच्या हवामानाचं खापर तापमानवाढीवर फोडायला मात्र ते तयार नाहीत. भारतातले पूर आणि दुष्काळ हे मोसमी पावसाच्या नैसर्गिक चढउतारातूनच येतात, असं त्यांनी 2014 मध्ये सविस्तर मांडलं. अटलांटिकमधल्या वादळांचे हंगामी अंदाज 1984 पासून देणारे विल्यम ग्रे यांचंही तसंच. वादळांची चढती कमान ते समुद्री प्रवाहांच्या नैसर्गिक फेऱ्याशी जोडत आणि 2016 साली जाईपर्यंत ते मतावर ठाम राहिले.

खांडेकरांचं म्हणणं ऐकताना मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. आमचा जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. लाल मिलो, सुकडी आणि दुष्काळी कामावरची खडी ज्यांनी पाहिली, तीच माणसं आज "आमच्या वेळी पाऊस कसा येळेवर यायचा" म्हणतात. पाऊस वेळेवर यायचा तर खडी फोडायला कोण कशाला गेलं असतं? बहात्तर हे एल निनोचं वर्ष होतं. तेव्हा पाऊस पूर्वीही लहरीच होता, हा खांडेकरांचा मुद्दा आमच्या गावाला तरी नाकारता येत नाही.

पण समुद्राची वही वेगळं सांगते. पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हिशेब मांडला. 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती 8 टक्क्यांनी घटली. म्हणजे 'सगळीकडे वादळं वाढली' हेही खरं नाही. एकोणीस-एकोणीस वर्षांचे दोन तुकडे थोडेच आहेत, हा आक्षेप घ्यायला वाव आहेच. मात्र हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जादा बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र कुणाच्या मतावर चालत नाही. वादळं मोजून तेवढीच राहिली तरी त्यांच्या पोटातलं पाणी वाढतं, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आम्हाला वाऱ्यापेक्षा ते पाणीच भोवतं.

जुन्या दिवसांची मला ओढ आहे. वाहन विचारण्यात एक आशा होती, ती अलर्टमध्ये सापडत नाही. पण त्या दिवसांचा पाऊस गोड होता म्हणून तो वक्तशीरही होता, असं आता म्हणवत नाही. खांडेकरांना उत्तर द्यायचं तर मोजलेल्या आकड्यांनीच द्यावं लागेल, आणि पारावरच्या आठवणींनाही तोच नियम लावावा लागेल. म्हणून गावच्या शाळेत पर्जन्यमापक बसवावं आणि रोजची नोंद पोरांनीच करावी, असं मला वाटतं. तीस वर्षांनी ती पोरं "आमच्या वेळी" म्हणतील, तेव्हा त्यांच्या हातात वही असेल.